पुण्याचे हौद

१७४९ च्या अखेरीस शाहू छत्रपतींचे साताऱ्यास निधन झाले आणि मराठी राज्याचा कारभार व्यवहारतः पुण्यास येऊन स्थिरावला, त्या काळात मुठेच्या उजव्या तीरावरील या वाढत्या कसब्यापुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांत पाण्याचा प्रश्न सर्वांत निकडीचा होता. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला होता. फडावरील कारकून, हुजुरातीचे स्वार, सावकार, कासार, तांबट, साळी आणि या सर्वांच्या आश्रयाने पोट भरणारे मजूर यांची वस्ती वर्षागणिक वाढत होती. सरकारातून कौल मिळवून शेटे-महाजन नव्या पेठा वसवीत होते आणि जो कोणी येऊन घर बांधील त्यास आरंभीची काही वर्षे कराची सूट मिळत होती. परंतु कौल देऊन माणसे आणता येतात, पाणी आणता येत नाही. मुठा ही पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि वैशाखात पात्रातले खडक उघडे टाकणारी नदी. घरोघरच्या आडांना उन्हाळ्यात तळ दिसू लागे, आणि नव्या पेठा तर नदीपासून दूर दूर सरकत होत्या.

या अडचणीवर नानासाहेब पेशव्यांनी जो उपाय योजला तो त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देतो. शहराच्या दक्षिणेस, घाटाच्या पायथ्याशी कात्रज येथे दगडी बांध घालून त्यांनी तलाव करविला आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून चिरेबंदी नळ आणला. हे काम १७५० च्या सुमाराचे. त्याच काळात पर्वतीवर देवालय उभे राहिले, आंबील ओढ्याचा शहरात शिरणारा प्रवाह पश्चिमेकडे वळविण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे तयार झाले. देवालय, तळे, ओढा, नळ आणि पेठ ही कामे त्या राज्यकर्त्याच्या मनात निरनिराळ्या खात्यांची नव्हती. वस्ती, उपासना आणि पाणी ही तिन्ही एकाच योजनेची अंगे आहेत अशी त्याची समजूत होती, आणि नगररचनेचे शास्त्र आज जी एकात्म दृष्टी मोठ्या प्रयासाने शिकविते, ती येथे सहजगत्या वावरत होती.

कात्रजच्या नळाची रचना थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. हा नळ म्हणजे नळी नव्हे, तर दगड आणि चुन्यात बांधलेले, वरून झाकलेले आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल एवढ्या उंचीचे भुयार होते. त्यास पंप नव्हता, यंत्र नव्हते. कात्रजपासून शहरापर्यंत जमिनीला जो नैसर्गिक उतार आहे त्याच उताराच्या आधाराने, गवंड्याने ओळंबा आणि पाणसळ लावून साधलेल्या मंद ढाळावरून पाणी आपल्या पायांनी चालत येत असे. ढाळ अधिक दिला तर पाणी वेगाने धावून चुना खरवडणार, कमी दिला तर गाळ जागोजाग बसून मार्ग तुंबणार. या दोहोंच्या मधली गती साधणे हेच त्या अनाम कारागिरांचे कसब होते. वाटेत ठरावीक अंतरावर त्यांनी उच्छ्वास बांधले. जमिनीवर डोके काढणारे हे पोकळ बुरूज आत कोंडलेली हवा बाहेर सोडीत, पाण्याचा दाब सावरीत, आणि नळ कोठे तुंबला आहे याचा पत्ताही त्यांतूनच लागे. वाटेवरच्या वस्तीतील लोक त्यांतून पोहरा सोडून पाणीही शेंदून घेत. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे ज्या पाण्यावर नाचले, त्याच पाण्याने पेठेतल्या गरिबाची घागर भरली, ही गोष्ट या व्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

सरकारचा कित्ता पुढे सरदारांनी आणि मुत्सद्द्यांनी गिरविला. नाना फडणवीसांनी आंबेगावच्या बाजूने नळ आणून सदाशिव पेठेत पाणी खेळविले. रास्ते घराण्याने कोंढव्याकडून आपल्या पेठेस पाणी आणले. हे सारे पाणी ज्या ठिकाणी लोकांच्या हाती पडे ते म्हणजे हौद. काळा हौद, नाना हौद, बदामी हौद, फडके हौद, पंचहौद ही नावे आज पुण्यात चौकांची, गल्ल्यांची आणि बसथांब्यांची म्हणून उच्चारली जातात. परंतु दीडशे वर्षांपूर्वी ती पेठेच्या नित्य जीवनाची नाभिस्थाने होती. पहाटे बायका कळशा-घागरी घेऊन येत, दिवसा पखाली आपल्या चामड्याच्या पखाली भरून बैलावर लादीत, दूरवरून आलेला गाडीवान जनावरांना पाणी दाखवून घटकाभर टेकत असे. जवळपास एखादा पिंपळाचा पार, एखादे मारुतीचे वा वेताळाचे देऊळ, एखादी तालीम असे. वतनाच्या तंट्यापासून धान्याच्या भावापर्यंत सर्व बातम्या येथे येत आणि येथूनच घरोघर जात. कोणी नगररचनाकाराने ही जागा लोकांनी एकत्र यावे म्हणून आखली नव्हती; पाण्यावाचून कोणाचेही चालत नव्हते, म्हणून लोक एकत्र येत होते.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. हौद चौकात होता, आकाशाखाली उघडा होता, सरकारी खर्चाने वा धनिकाच्या दानाने बांधला होता. तरीही तो सर्वांचा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाला त्या पाण्यात पोहरा सोडण्याची मुभा नव्हती. आपले भांडे अंतरावर ठेवून कोणी वरून पाणी घालील का, याची वाट पाहत त्यास उन्हात तिष्ठत उभे राहावे लागे. ज्या गवंड्याने, पाथरवटाने, बेलदाराने हा चिरा घडविला त्याच्या श्रमाची आठवण शहराने ठेवली नाही, आणि ज्यांच्या श्रमावर शहर स्वच्छ राहत होते त्यांना तर त्या चिऱ्याला स्पर्शही करू दिला नाही. ज्या पाण्यापाशी पेठ एकत्र येत होती, त्याच पाण्यापाशी पेठेची फाळणीही रोज नव्याने होत होती.

या फाळणीवर पहिला खुला आघात १८६८ मध्ये झाला. जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. ही घटना पाठ्यपुस्तकांतून एका वाक्यात येते आणि एका वाक्यातच संपते. तिचे मोल समजण्यासाठी त्या काळचे पुणे डोळ्यांपुढे आणावे लागते. पेशवाई जाऊन पुरती पन्नास वर्षे होत होती, पण पेठांतील आचारविचारांवर तिचीच छाया होती. पाण्याचा विटाळ हा जातिबहिष्काराचा विषय होता आणि बहिष्कार म्हणजे लग्न, मयत, पुरोहित आणि शेजार या सर्वांतून हद्दपारी. अशा गावात एका गृहस्थाने सरकारी हुकुमाची वा धर्मसभेच्या ठरावाची वाट न पाहता, जे आपल्या हाती आहे ते पाणी खुले केले. खाजगी हौद त्या दिवशी सार्वजनिक झाला, आणि चौकातले सार्वजनिक म्हणविणारे हौद किती संकुचित होते हेही त्याच दिवशी उघडे पडले.

जोतीरावांच्या वर्तुळातील डॉ. विश्राम रामजी घोले यांनी हेच कार्य निराळ्या, अधिक हृदयद्रावक रीतीने पुढे नेले. घोले हे नामांकित शल्यवैद्य, सरकारदरबारी मान असलेले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यात भाग घेणारे गृहस्थ. मुलींनी शिकले पाहिजे या आपल्या मताची सुरुवात त्यांनी घरापासून केली आणि आपल्या लाडक्या लेकीला, काशीबाईला, जिला घरात सारे बाहुली म्हणत, त्यांनी लिहावाचावयास शिकविले. ही मुलगी १८७७ मध्ये, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षाच्या सुमारास, मृत्यू पावली. तिचे शिकणे न रुचलेल्या आप्तांनी तिला खाण्यातून काच घातली, अशी हकीकत पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पित्याने तिच्या स्मरणार्थ भर वस्तीत हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांस खुला ठेवला. आज हा बाहुलीचा हौद बुधवार पेठेत फरासखान्याजवळ आहे. त्याच्या दगडावर त्या मुलीचे नाव कोरलेले आहे, आणि समोरून रोज हजारो माणसे लक्ष्मी रस्त्याच्या खरेदीला जातात. या शहरात सेनापतींची, राजांची आणि पुढाऱ्यांची स्मारके पुष्कळ आहेत. शिकू पाहणाऱ्या एका लहान मुलीचे, तेही पाण्याच्या रूपाने उभारलेले, हे स्मारक मला त्या सर्वांच्या बरोबरीचे वाटते.

पाणी आणि पंक्ती यांचा हा प्रश्न पुढेही पुण्यास छळीत राहिला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोरांवरही ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. ज्या परिसराला पाच हौदांवरून नाव मिळाले तेथेच घोटभर पेयावरून गाव दुभंगावे, यावरून या रूढीची पकड ध्यानात येते. पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाची तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असल्याचे कागदोपत्री मान्य झाले. कागदावरचा तो हक्क पाण्यापर्यंत पोहोचविण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि त्यानंतरही न्यायालयाचा अखेरचा निर्णय हाती येण्यास १९३७ साल उजाडले. गंज पेठेतला हौद, बाहुलीचा हौद आणि चवदार तळे ही एकाच वाटेवरची तीन ठिकाणे आहेत.

इकडे पुण्यातील हौदांचे वैभव मात्र ओसरत चालले होते. खडकवासल्याचे धरण झाले, घरोघर नळ आले, आणि जे पाणी मिळविण्यासाठी चौकात जावे लागे ते मोरीतच वाहू लागले. ही सोय मोठीच होती आणि तिच्यामुळे बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण उपयोग संपला की निगा संपते. उच्छ्वास पडले, नळावर इमारती चढल्या, त्यात सांडपाणी शिरले, रस्तारुंदीत काही हौद बुजविले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही गेला आणि शहराचे नळ कोरडे पडले, त्या दिवसांत पुणेकरांना जुन्या विहिरी-हौदांची पुन्हा आठवण झाली; संकट ओसरताच तीही ओसरली.

आता वारसास्थळांच्या संवर्धनाची भाषा सर्वत्र ऐकू येते, हे शुभचिन्ह आहे. तथापि दगड घासून उजळविणे, भोवती लोखंडी कठडा घालणे, रात्री रंगीत दिवे सोडणे आणि उद्घाटनाची कोनशिला बसविणे एवढ्यावरच जर ते संपणार असेल, तर त्याने सार्वजनिक जागा निर्माण होणार नाही. वर सांगितलेल्या इतिहासातून मला तीन गोष्टी निःसंशय दिसतात. पहिली, लोक ज्या जागी कामासाठी येतात तीच जागा जिवंत राहते. म्हणून हौदाशी पुन्हा पिण्याचे पाणी, बसावयास कट्टा आणि डोक्यावर झाडाची सावली असली पाहिजे, कारण हमाल, फेरीवाला, शाळकरी मूल आणि वृद्ध यांना या तिहींची गरज आजही तितकीच आहे. दुसरी, ज्या जागेची निगा पेठेने आपली मानली तीच टिकते; हौदाची देखरेख केवळ पालिकेच्या मुकादमावर न सोपविता भोवतालच्या शाळा, मंडळे आणि तालमी यांच्याकडे तिचा वाटा दिला पाहिजे. आणि तिसरी, जी सर्वांत महत्त्वाची, ती ही की जागेचे सार्वजनिकत्व तिच्या रचनेत नसून तिच्या दाराशी कोणालाही अडविले जात नाही यात आहे. ज्या कठड्यामुळे थकलेला मजूर टेकू शकत नाही, तो कठडा कितीही कलात्मक असला तरी जुन्या विटाळाचाच नवा अवतार होय.

पुण्याच्या नागरिकांस माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या पेठेतील हौद कोठे होता किंवा आहे, तो कोणी बांधला, त्यावर कोणास पाणी मिळत होते आणि कोणास मिळत नव्हते, हे सारे आपल्या मुलांना त्या जागी नेऊन सांगावे. पालिकेने उरलेल्या हौदांपाशी हीच माहिती मराठीत, ठळक अक्षरांत आणि काहीही न लपविता लावावी; आणि फरासखान्याजवळच्या त्या हौदापाशी तहानलेल्या कोणाही माणसास पेलाभर स्वच्छ पाणी मिळेल, अशी तजवीज सर्वांत आधी करावी.