रंगांचें वजनमाप

आजोबांच्या काळची तसबीर, अगर मुंबईंत १८९४ सालीं निघालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतील एखाद्या देवीचें चित्र स्कॅनरच्या काचेवर ठेवून त्याची प्रतिमा संगणकांत घेणें आतां सुलभ झालें आहे. अडचण येते ती पुढें. प्रतिमा दुरुस्त करावयास घेतांच रंगांचें 'प्रोफाइल' कोणतें, असा प्रश्न उभा राहतो, आणि पुष्कळ जण पहिलें दिसेल त्या नांवावर बोट ठेवून मोकळे होतात. परंतु या नांवांच्या मागें दीडशें वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यांत एक गमतीची चूकही आहे.

१८६१ सालीं मॅक्सवेलनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें, तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेलीं एका फितीचीं तीन छायाचित्रें एकावर एक पाडून रंगीत प्रतिमा दाखविली. रंग तीन आकड्यांनीं सांगतां येईल ही आशा तेव्हां बळावली. पण तांबडा म्हणजे कोणता तांबडा? शेराचें माप ठरल्यावांचून 'दोन शेर' म्हणण्यास अर्थ नाहीं. इंग्लंडांत राइट यांनीं १० व गिल्ड यांनीं ७ निरीक्षकांच्या डोळ्यांवर प्रयोग केले, आणि त्यांच्या आधारें १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें 'प्रमाण निरीक्षक' ठरविला. अवघ्या १७ जणांची साक्ष सर्व मानवजातीच्या वतीनें मान्य झाली, आणि ती अद्याप चालते, हें नवलच म्हणावयाचें!

संगणक आले तेव्हां हें माप हाताशीं होतें. पण प्रत्येक यंत्राचा शेर निराळा होता. एकाच आकड्याला एका पडद्यावर पोपटी तर दुसऱ्यावर शेवाळी रंग दिसे. १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंगमंडळ स्थापिलें व प्रोफाइलचा सामाईक सांचा ठरविला. प्रोफाइल म्हणजे दुभाष्याचा कोश: या यंत्राचा अमुक आकडा म्हणजे १९३१ च्या मापांतला तमुक रंग. मोजलेल्या रंगांच्या चौकटी असलेला एक तक्ता स्कॅन करून स्कॅनरचा हा कोश तयार होतो.

१९९६ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं त्या काळच्या सामान्य काचनळीच्या पडद्यांवरून 'एसआरजीबी' सुचविलें. तें सर्वत्र चाललें, पण त्याची झोळी लहान. छपाईच्या निळसर-हिरव्या शाईचे कांहीं रंग तींत मावत नाहींत. १९९८ सालीं अॅडोबीनें फोटोशॉपसाठीं मोठी झोळी घेतली ती टेलिव्हिजनच्या एका प्रमाणपद्धतीच्या कागदपत्रांवरून. पुढें कळलें कीं ते आकडे त्या पद्धतीचे प्रत्यक्ष आकडे नव्हतेच, एका आदर्श कल्पनेचे होते; शिवाय तांबड्याचा आकडा उतरवितांनाही चूक झाली होती. तथापि लोकांना तो विस्तार आवडला होता. चूक राहिली, नांव मात्र बदललें: 'अॅडोबी आरजीबी (१९९८)'.

हें कळल्यावर निवड अवघड राहत नाहीं. प्रतिमेला आधीं स्कॅनरचें स्वतःचें प्रोफाइल जोडावें, मग ती अॅडोबीच्या अवकाशांत रूपांतरित करावी, आणि प्रोफाइल फाइलींतच ठेवावें. जोडणें आणि रूपांतरणें यांत घोळ होतो तो येथेंच: जोडतांना आकडे तेच राहून अर्थ बदलतो, रूपांतर करतांना अर्थ राखून आकडे बदलतात. अॅडोबीच्या आकड्यांवर एसआरजीबीची चिठ्ठी लावली, कीं भरजरी शालू विटका दिसूं लागतो. कोडॅकचें 'प्रोफोटो' याहून मोठें आहे. पण त्यांतले कांहीं रंग मानवी डोळ्याला दिसणारेच नव्हेत, आणि दर रंगाला २५६ च पायऱ्या मिळाल्या तर आकाशाच्या छटांत पट्टे उमटतात. तेथें १६ बिटांची प्रत हवीच. पडद्यावर पाठवावयाची प्रत एसआरजीबींत वेगळी काढावी.

एक प्रश्न मात्र कोणतेंही प्रोफाइल सोडवीत नाहीं. देवीच्या चित्राचा कागद शंभर वर्षांत पिवळा पडला आहे. प्रोफाइल सांगतें तो त्याचा आजचा रंग, छापखान्यांतून निघाला त्या दिवसाचा नव्हे. कागद उजळून देण्याचा मोह होतोच. माझ्या मतें मूळ प्रतींत तो पिवळेपणा तसाच ठेवावा आणि उजळलेली प्रत निराळ्या नांवानें राखावी; कारण उद्यां कागद फाटला, तर पाहणाऱ्याजवळ साक्षीला एवढीच एक फाइल उरेल.