नदीचं मूळ, जीपचं कूळ

"ओरिजिनल आहे साहेब. बेचाळीसची विलिस."

साताऱ्याच्या पुढे, बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाची शेड. विकणाऱ्यानं ताडपत्री ओढली तशा आधी दोन कोंबड्या फडफडत बाहेर आल्या, मग जीप दिसली. माझा मित्र मुलगी बघायला आल्यासारखा तिच्याभोवती फिरू लागला. आम्ही सोबत नेलेले मिस्त्री, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी गाडीच्या रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. एक रिकामं पोतं मागून घेतलं, पुढच्या बंपरखाली अंथरलं आणि उताणे होऊन आत सरकले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "पुढचा आडवा दांडा उपड्या पन्हळीसारखा आहे की हो. विलिसला गोल नळी असते."

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. जुन्या जीपच्या बाजारात मात्र अख्खा व्यवहार कुळावर चालतो. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या. एकीचा भाव दुसरीच्या तिप्पट, आणि फरक काय तर चासीवरचा एक तुकडा आणि चार आकडे. गंमत अशी की या घराण्याचा मूळपुरुषच एक नाही. तीन आहेत, आणि तिघांचं आपसात कधी पटलं नाही.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि अमेरिकी सैन्याची झोप उडाली. त्यांना एक हलकी टेहळणी गाडी हवी होती, चारही चाकांना ताकद मिळणारी. त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं धाडली. अटी ऐकूनच बहुतेकांनी हात वर केले असणार. वजन १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आत. आणि पहिला नमुना ४९ दिवसांत दारात उभा पाहिजे. उत्तर दोघांचंच आलं. त्यातली बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, छोट्या मोटारी बनवणारी, बुडायला आलेली कंपनी. तिनं डेट्रॉइटचा कार्ल प्रोब्स्ट नावाचा इंजिनिअर बोलावून घेतला आणि त्यानं दोन दिवसांत नकाशे काढले. २२ जुलैला निविदा भरली, २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड तळावर हजर झाली. वजनाची अट तिनं पाळली नव्हती. ती कोणालाच पाळता येण्यासारखी नव्हती आणि पुढे सैन्यानं मुकाट्यानं ती वाढवली.

इथपर्यंत ही एका छोट्या कंपनीच्या जिद्दीची गोष्ट आहे. पण बँटमची ऐपत बघून सैन्याला धीर धरवेना. त्यांनी तिचे नकाशे सरळ विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या हाती दिले. विलिसकडे बार्नी रूस या इंजिनिअरनं सुधारलेलं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं तगडं इंजिन होतं. ते जड होतं. मग गाडीचं वजन उतरवायला बोल्ट आखूड केले, पत्रा बदलला, रंगाचे थरसुद्धा कमी केले म्हणतात. फोर्डनं पुढचा भाग सपाट केला आणि दिवे जाळीच्या मागे घेतले. जुलै १९४१ मध्ये कंत्राट विलिसला मिळालं. तिला एकटीला झेपेना म्हणून फोर्डलाही त्याच नकाशावर गाड्या बनवायला लावल्या. दोघींनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर काढल्या. जिनं सुरुवात केली त्या बँटमच्या वाट्याला जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर आले.

म्हणजे मांडणी बँटमची, इंजिन विलिसचं आणि चेहरा फोर्डचा. ज्या गाडीला आज आपण ओरिजिनल म्हणतो ती जन्मतःच तीन घरची. फोर्डला ही भागीदारी फारशी रुचली नसावी, कारण तिनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उठवलं. आज शौकीन भिंग घेऊन तेच अक्षर शोधत असतात. विलिसचा चासी नंबर पुढच्या डाव्या भागात आतून बसवलेल्या पट्टीवर, फोर्डचा चासीच्या दांड्यावरच कोरलेला. समोरच्या जाळीला नऊ फटी असतील तर युद्धातली, सात असतील तर युद्धानंतर नागरिकांसाठी काढलेली. मागे उघडणारी फळी असेल तर तीही नंतरचीच. लढाईतल्या गाडीचं पाठीमागचं अंग बंद होतं.

नावाचीही अशीच भानगड. 'जीपी' या अक्षरांवरून 'जीप' झालं, ही व्युत्पत्ती सगळ्यांना पाठ असते. ती सांगणाऱ्याला वाटतं की ही अक्षरं 'सर्वसाधारण वापराची' अशा अर्थाची आहेत. फोर्डच्या सांकेतिक भाषेत मात्र पहिलं अक्षर सरकारचं होतं आणि दुसरं ८० इंची चाकांतराच्या गाडीचं. शिवाय हा शब्द सैनिकांच्या तोंडी गाडीच्या आधीपासून होता. नव्या रंगरुटाला आणि न आजमावलेल्या यंत्राला ते जीप म्हणत. त्यात १९३६ मध्ये पॉपायच्या चित्रमालिकेत युजीन द जीप नावाचा एक अजब प्राणी आला. तो कुठेही शिरे, कुठूनही बाहेर पडे आणि तोंडानं फक्त 'जीप, जीप' करी. १९४१ मध्ये विलिसच्या चालकानं वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्या ही गाडी घालून चढून दाखवल्या. कॅथरिन हिलियर या वार्ताहर बाईंनी नाव विचारलं, तो म्हणाला जीप, आणि ते छापून आलं. पुढे विलिसनं नावावर हक्क सांगितला, वाद झाले, आणि १९५० मध्ये तो तिला मिळालाही. जन्म देणारी एक, नाव लावणारी दुसरी.

युद्ध संपलं तशा या गाड्या जगभर बेवारशी पडल्या. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सनं शेतावर वापरायला अशीच एक जीप घेतली होती; जीपच्याच चासीवर पहिला नमुना उभा राहिला आणि एप्रिल १९४८ मध्ये लँड रोव्हर जन्मली. आपल्याकडे सैन्यानं विकायला काढलेल्या मालासाठी 'डिस्पोजल' हा शब्द मराठीत रुळला तो या काळात. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची जीप.

आणि स्वतंत्र भारतातला जुन्या जीपचा पहिला गाजलेला सौदा कुणा शौकिनानं नव्हे, सरकारनं केला. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या लष्करी जीपसाठी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरीच रक्कम आगाऊ गेली, प्रत्यक्षात आल्या १५५ गाड्या, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं सांगून टाकलं. पुढच्याच वर्षी मेनन मंत्री झाले. त्यातल्या राजकारणावर पुष्कळ लिहून झालंय. मला मात्र जुनी जीप घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावीशी वाटते: गाडीखाली शिरल्याशिवाय इसार देऊ नये.

मुंबईत याच सुमाराला एक वेगळा संसार उभा राहत होता. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधू, जे. सी. आणि के. सी., आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटी बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. छापून ठेवलेल्या कागदांवरची दोन 'एम' अक्षरं वाया जाऊ नयेत म्हणून, असं गमतीनं म्हणतात. विलिसचे सुटे भाग बोटीनं आणून माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथेच बनू लागलं. त्यातलं नवं इंजिन उंचीला जास्त होतं, कारण हवा घेणारे व्हॉल्व्ह वर गेले होते. ते मावावं म्हणून बोनेट उचललं. आजही बाजारात पहिला प्रश्न हाच असतो: लो बोनेट की हाय बोनेट? अमेरिकेनं १९६८ मध्ये सोडून दिलेला हा उंच कपाळाचा चेहरा आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर राहिला, इतका की जीप म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तोच येतो.

मराठीनं तर हा शब्द पुरता घरचा करून टाकला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि त्यांचं लघुरूप झालं 'जि.प.', त्यामुळे 'जि.प.ची जीप गावात आली' हे वाक्य तोंडानं बोलून बघावं. जीप म्हणजे बीडीओ साहेब, जीप म्हणजे निवडणूक, जीप म्हणजे बांधावर आलेली जप्ती. मग साहेब लोक मोटारीत बसू लागले आणि जीप खालच्या आळीत आली. पश्चिम महाराष्ट्रात तिचं वडाप झालं, मराठवाड्या-विदर्भात काळी-पिवळी. मागे लटकलेलं पोरगं 'एकच शीट, एकच शीट' ओरडतं आणि आत आधीच चौदा माणसं असतात. कमांडर असो, ट्रॅक्स असो, सगळी जीपडीच.

या वडापनं आजच्या खरेदीदाराच्या वाटेत एक धोंड ठेवलीय. प्रवासी वाहणाऱ्याला पुढच्या चाकांची ताकद काय कामाची? म्हणून आपल्याकडे जीपच्या फक्त मागची चाकं ओढणाऱ्या आवृत्त्याही भरपूर निघाल्या. आता शौकीन येतो, त्याला फोर बाय फोर पाहिजे, मग भंगारातली पुढची हाउसिंग आणून खाली जोडली जाते आणि गाडी 'फोर व्हील' म्हणून उभी राहते. लिव्हर आहे म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. मामा जॅक लावून चाक उचलतात, हातानं फिरवतात आणि कान देऊन ऐकतात. पाटे बसलेले असतील, पत्र्यावर बोटभर लांबी भरलेली असेल, तर त्याचं त्यांना काही वाटत नाही. "पत्रा काय, कोल्हापुरात उद्यमनगरला नवा ठोकून देतील. चासी कोण देणार?"

कागदांचं प्रकरण आणखी वेगळं. लष्करी गाडीला आरटीओचा नंबर नसतो. वर तोंड केलेल्या बाणाचा लष्करी नंबर असतो. लिलावात घेतलेल्या अशा गाडीला लिलावाच्या कागदांवरून नव्यानं पासिंग करावं लागतं, आणि ते कागद हरवले की गाडी शेतातच फिरवायची. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी मटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. त्यातल्या काहींनीच ते आरसीवर चढवलं. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावल्यापासून 'मॉडिफाय केलीय' हे वाक्य विकणारे जरा हळू आवाजात म्हणतात. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली: वीस हजार रुपये भरा, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळवा, दहा वर्षं निर्धास्त राहा. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला अशाच कामांसाठी बाहेर काढायची, आणि तिच्या चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आमच्याकडच्या किती जीप या शेवटच्या अटीत बसतील, हे मामांना विचारलं तर ते नुसते हसतात.

कुळाचा वाद फक्त आपल्या शेडमध्ये चालत नाही. महिंद्राच्या रॉक्सर या गाडीविरुद्ध जीपच्या तेव्हाच्या मालकांनी २०१८ मध्ये अमेरिकेत दाद मागितली: हा चेहरामोहरा आमचा. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, रॉक्सरची विक्री थांबली आणि तोंडवळा बदलल्यावरच तिला पुन्हा परवानगी मिळाली. ज्यांनी दावा लावला ते त्या नावाचे कितवे मालक, हे मोजायला बसलो तर विलिस, कैझर, एएमसी, क्रायस्लर अशी यादी लांबत जाते. त्याच कंपनीची जीप कंपास २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावात बनते. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडापवाले अजूनही सगळ्याच गाड्यांना जीप म्हणतात, पैसे न भरता.

तर त्या शेडमध्ये मामा पोत्यावरून उठले, हात पुसले आणि हिशेब मांडला. चासी फोर्डची. जाळी नऊ फटींची, पण पत्रा नवा. बॉडीला मागे उघडणारी फळी, म्हणजे ती नंतरची. इंजिन मटाडोरचं. स्टिअरिंग उजवीकडे आणलेलं. युद्धातल्या जीपला ते डावीकडे. आरसी दुसऱ्याच गाडीची, १९६४ च्या महिंद्राची. आणि चासीवरचे आकडे? मामांनी मित्राला बाजूला घेतलं. "पंचिंग नवीन आहे. आकड्यांच्या कडेला अजून धार आहे. या भानगडीत पडू नका, पोलीस घरी येतील." मित्राचा हात खिशातल्या इसाराच्या पाकिटावर होता, तो तिथेच राहिला.

निघताना मामांनी एक सैल झालेला बोल्ट विकणाऱ्याच्या हातावर ठेवला. "ह्याच्या डोक्यावर बघा. एफ आहे. फोर्ड. विलिस म्हणून विकू नका."

आठवड्यानं मित्राला त्याचा फोन आला. गाडी अजून आहे, म्हणाला, फक्त भाव पन्नास हजारांनी वाढवलाय. का? तर आता ती ओरिजिनल फोर्ड निघाली.