हिरव्याचे पिवळे होताना

चित्रपटातील रंगसंस्कार संगणकापासून सुरू झाले नाहीत. पूर्वी रसायनशाळेत प्रत छापताना लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण बदलून छटा सुधारली जाई. मात्र हा बदल संपूर्ण चौकटीला लागू होई; पाने पिवळी करावीत, तर चेहरेही पिवळे पडत. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) या चित्रपटाच्या वेळी ही मर्यादा ठळक झाली. कथा १९३०च्या दशकातील मिसिसिपीची. तिला हवी होती जुन्या छायाचित्रांतली धुळकट, वाळलेली भूमी. तिथला उन्हाळा मात्र हिरवागार. रासायनिक प्रयोग अपुरे ठरल्यावर छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी सारा चित्रपट संगणकावर घेऊन नेमका हिरवाच पिवळसर केला. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने दा विंची ही कंपनी विकत घेतली आणि पुढे अशी साधने घरच्या संगणकापर्यंत पोहोचली. आज या आज्ञावलींची तुलना करताना कोणती किती रंग बदलू शकते, हे आपण मोजतो. डीकिन्स यांच्यापाशी साधनाआधी प्रश्न होता : या कथेची माती कोणत्या रंगाची? साधनाची क्षमता अखेर त्या प्रश्नावरच पारखावी लागते.