शिकागो शहरातील वर्णसंघर्ष

पाण्यावरची रेघ टिकत नाही, असे आपण म्हणतो. परंतु अमेरिकेतील शिकागो शहरी अशाच एका रेघेपायी ३८ माणसे प्राणास मुकली. मिशिगन सरोवराच्या काठी गौरवर्णीयांची व कृष्णवर्णीयांची स्नानस्थळे वेगळी असत. तसा कायदा नव्हता. केवळ रूढी होती. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यासह वाहत गोऱ्यांच्या बाजूस गेला. एका गोऱ्या इसमाने दगड फेकले व तो मुलगा बुडाला. पोलिसाने त्या इसमास अटक करण्याचे नाकारले आणि दंगा भडकला. २३ कृष्णवर्णीय व १५ गौरवर्णीय मृत्यू पावले, ५३७ जण जखमी झाले आणि सुमारे हजार कृष्णवर्णीय कुटुंबे बेघर झाली.

या वणव्याचे इंधन आधीच रचले गेले होते. दक्षिणेतील जाचास कंटाळून आणि महायुद्धकाळी निघालेल्या कामांच्या आशेने कृष्णवर्णीय लोक शिकागोस येऊ लागले. १९१० साली त्यांची तेथील संख्या सुमारे ४४,००० होती; १९२० साली ती १,०९,००० झाली. कत्तलखान्यांत त्यांना काम मिळे, घर मात्र एका चिंचोळ्या पट्ट्यातच मिळे. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात अशा घरांवर व ती मिळवून देणाऱ्यांवर ५८ बाँब टाकण्यात आले.

आम्हांस विशेष विचारार्ह वाटते ती गोष्ट निराळीच आहे. कृष्णवर्णीयांस शेजारी येऊ न देण्यात तेथील घरमालकांचे संघ अग्रेसर होते. शेजाराचे व मालमत्तेचे रक्षण हाच आपला हेतू, असे ते सांगत. पुढे खरेदीखतांतच तशा अटी घातल्या गेल्या. न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही १९६६ साली घरांच्या हक्कासाठी मिरवणूक काढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मस्तकी याच शहरात दगड बसला. घरांबाबतचा भेदभाव निषिद्ध करणारा कायदा १९६८ साली झाला.

गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकनांस जोतिराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला होता. त्या मुक्ततेनंतरही शेजाराचा प्रश्न उरला, हे शिकागोचा इतिहास सांगतो. ज्ञातिबंधुभगिनींनो, आपलाही एक संघ आहे. आपल्या मुलांसाठी वसतिगृह वा घरे उभारताना त्या दाराशी आलेल्या परक्यास आपण काय उत्तर देणार, हे आपणच ठरवावयाचे आहे.