महिंद्रा अँड मोहम्मद : जुनी जीप आणि तिला जगवणारे हात

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत येतो. महिंद्रा कंपनीचं मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं, असं त्यात लिहिलेलं असतं. पुढचं वाक्य मात्र पाठवणाऱ्याप्रमाणे बदलतं. एका गटात ‘बघा, भागीदार पाकिस्तानात पळाला’ असं असतं, तर दुसऱ्या गटात ‘बघा, मुसलमानाचं नाव पुसलं’ असं. पहिली ओळ खरी आहे. पुढची दोन्ही वाक्यं आळशीपणाची आहेत. इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते त्याहून मनोरंजकही.

कंपनी सुरू झाली २ ऑक्टोबर १९४५ रोजी, पोलादाच्या व्यापारासाठी. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा हे दोन भाऊ आणि तिसरे मलिक गुलाम मोहम्मद. हे गृहस्थ अलिगढचे पदवीधर. रेल्वेच्या हिशेब खात्यातून पुढे आलेले, हिशेबात पक्के. निजामाच्या हैदराबादेत त्यांनी अर्थखातं सांभाळलं होतं. १९४७ला फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. एका नव्या देशाची तिजोरी हाती येत होती आणि त्यांनी ती निवडली. १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ ही अक्षरं छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा ‘एम’ तसाच ठेवला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, व्यापाऱ्याच्या स्वभावाला शोभणारी आहे.

१९५१मध्ये गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. तिथली त्यांची कारकीर्द फारशी अभिमानाची नाही. १९५३मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना बडतर्फ केलं, १९५४मध्ये संविधान सभा बरखास्त केली. पाकिस्तानातली लोकशाही पुढे जी लंगडी पडली, तिला पहिले घाव घालणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. पण याच माणसाला १९५५च्या प्रजासत्ताक दिनाला भारताने प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. दिल्लीच्या राजपथावरचं ते पहिलं संचलन. ज्या देशात आपल्या नावाची पाटी होती, त्या देशात हा माणूस पाहुणा म्हणून बसला होता. त्या वेळी मनात काय आलं असेल, हे कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

ते गेले. पण या देशातले कोट्यवधी मुसलमान गेले नाहीत. मला आज जीपची गोष्ट सांगायची आहे ती या न गेलेल्यांच्या बाजूने.

युद्धातून शिवारात

जीप जन्मली अमेरिकेत, घाईघाईत. १९४० साली अमेरिकी लष्कराने शंभरहून अधिक कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. वेळेत नमुना दिला तो अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण बँटमकडे मोठा कारखाना नव्हता. त्यामुळे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्यापर्यंत पोहोचले आणि मोठं कंत्राट त्यांनाच मिळालं. ज्याने घडवलं त्याचं नाव मागे पडलं. या गाडीच्या नशिबात हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं दिसतं.

विलिसची गाडी वजनाच्या मर्यादेत बसेना, तेव्हा बार्नी रूस या अभियंत्याच्या हाताखालच्या लोकांनी बोल्टची जास्तीची लांबी कापली, रंगाचे थर कमी केले, पण आपलं दमदार इंजिन सोडलं नाही. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप बाहेर पडल्या. फोर्ड आपल्या सुट्या भागांवर ‘एफ’ अक्षर ठोकत असे, पण भाग मात्र एकमेकांच्या गाडीत चपखल बसत. जुन्या जीपचं आयुष्य एवढं लांबलं, त्याचं पहिलं कारण हेच. एका गाडीचा भाग दुसरीला चालतो.

१९४९मध्ये मुंबईच्या माझगावला महिंद्राने सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल आलं. नव्या इंजिनात एक झडप वरच्या बाजूला गेल्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपचा तो कपाळ वर काढलेला चेहरा इथून आला. अमेरिकेत १९६८मध्ये हे मॉडेल बंद झालं. भारतात त्याचा वंश पुढे कित्येक वर्षं चालला.

महाराष्ट्रात जीप म्हणजे आधी सरकार. तहसीलदार, फौजदार, गटविकास अधिकारी. धूळ उडवत जीप आली की गावात कुजबूज सुरू होई. १९७०च्या दशकात पेट्रोल महागलं आणि जीपच्या पोटात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसलं, नंतर प्यूजोच्या परवान्याचं. सरकारी जीप लिलावात निघाल्या आणि बागायतदाराकडे गेल्या. लांब चासीच्या जीप पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ झाल्या. आत दहा, मागे लटकलेले चार. एसटी न पोहोचणाऱ्या वाड्यांचं बाळंतपण, बाजार आणि लग्न या गाड्यांनी केलं. आणि आता त्याच जीप शहरातले हौशी लोक शोधून आणतात, त्यांच्यावर पैसे घालतात आणि रविवारी सह्याद्रीच्या चिखलात उतरवतात.

गाडीखालचं शास्त्र

चिखलात जायचं तर आधी काय बदलायचं, असं विचारलं की हौशी माणूस मोठे टायर दाखवतो. जुना मिस्त्री आधी गाडीखाली जातो.

जीपचं खरं बळ वेगात नाही, गिअरच्या गुणाकारात आहे. सीजे-३बीचा पहिला गिअर साधारण २.८, ट्रान्सफर केसचा ‘लो’ २.४६, एक्सलचं गुणोत्तर ५.३८. तिन्ही गुणले की ३७ येतात. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून साठ-सत्तर घोड्यांचं इंजिन दगडावर मुंगीसारखं चढतं. मोठे टायर घातले की हाच गुणाकार बिघडतो. गाडी उंच दिसते, पण ओढ कमी होते आणि एक्सलवर ताण वाढतो.

दुसरा मोह पाट्यांचा. मूळ जीपला पाटे एक्सलच्या खाली असतात. ते एक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम पाच-सहा इंच उचलली जाते. फोटोत छान दिसते. पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतात, स्टिअरिंगचे रॉड तिरके होतात आणि जोर दिला की एक्सल पाट्यांना पीळ देतो. हे सगळं सांभाळून उंची वाढवायची तर काम दुप्पट. नाही तर मूळ पाट्यांचीच कमान नीट भरून घेणं बरं.

पुढच्या एक्सलच्या टोकांना गोळे असतात, त्यांत किंगपिनचे बेअरिंग. पातळ शिम घालून किंवा काढून बेअरिंगवरचा दाब ठरवावा लागतो. पुस्तकात तो काट्याने ओढून मोजायला सांगितलाय. मिस्त्री हाताने ओढून पाहतो आणि म्हणतो, “अजून एक शिम काढ.” दाब कमी असेल तर चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग असं थरथरतं की चालवणारा कलमा पढायला लागतो.

नदी ओलांडायची असेल तर एक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर बॉनेटपर्यंत आणायची. नाही तर तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं आणि आतलं तेल दुधट चहासारखं होतं. ब्रेकचं त्याहून गंभीर. जुन्या जीपला चारही चाकांसाठी एकच ऑइलची वाट असते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवणं हा शोभेचा बदल नव्हे, जीव वाचवणारा बदल आहे. आणि कोरड्या डांबरावर पुढचा एक्सल जोडून गाडी पळवायची नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायचं असतं, मधे सोडवायला डिफरन्शियल नसतं, सगळा पीळ गिअरांवर बसतो.

हे ज्ञान कुठल्या पदवीत मिळत नाही. ते ‘छोटू’ म्हणून पाने देता देता मिळतं. आठवी-नववीत शाळा सुटलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली राहतो, आधी बोल्ट धुतो, मग खोलतो, मग एक दिवस जोडतो. मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला, मालेगावात, मिरजेत, कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडमागे अशी गॅरेजं सापडतील. या हुनरावर एका समाजाची मक्तेदारी नाही. सरदार मिस्त्री आहेत, लोहार-सुतार घरांतले कारागीर आहेत. पण मुसलमान त्यात बरेच आहेत आणि त्याला कारण आहे. सच्चर समितीने २००६च्या अहवालात नोंदवलं, की मुसलमान पगारी नोकऱ्यांत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यांत जास्त आहेत. वाहनदुरुस्ती हा त्या धंद्यांतला एक. नोकरीचं दार उघडेना, म्हणून हातात पाना आला. याचा अभिमान बाळगावा की खंत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित दोन्ही.

आता कायदा

जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. नोंदणीत उत्पादकाने दिलेली मूळ रचना मालकाला मनमानीने बदलता येणार नाही. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. पुढच्या वर्षीपासून पंधरा वर्षं पुरी झालेली सरकारी वाहनं मोडीत काढायचं ठरलं. म्हणजे लिलावातून शिवारात येणारी जुन्या जीपची वाट बंद झाली.

कायद्यामागचं कारण मी नाकारत नाही. धूर ओकणारी, बिनब्रेकची गाडी रस्त्यावर कुणाचाही जीव घेऊ शकते. रविवारी जंगलाच्या कडेला ओढे घुसळणाऱ्यांबद्दलही मला फार प्रेम नाही. पण दोन वाटांचा ब्रेक बसवणारा मिस्त्री आणि भोंगे-दिवे लावून गाडी मिरवणारा मालक हे एकाच पारड्यात कसे तोलायचे? तपासून, प्रमाणपत्र देऊन, हुनराला मान्यता देण्याची सोपी व्यवस्था हवी. चाळीस वर्षं गाड्या जोडणाऱ्या माणसाकडे दाखवायला एक कागद नसतो. मालक गाडीचा फोटो टाकतो तेव्हा टायरचं, विंचचं, दिव्यांचं नाव लिहितो. जोडणाऱ्याचं लिहीत नाही.

म्हणून त्या फॉरवर्डचं मला हसू येतं. एका मोहम्मदचं नाव पाटीवरून गेलं, त्यावर आपण पंच्याहत्तर वर्षं वाद घालतोय. ते स्वतःच्या मर्जीने गेले, मोठ्या पदावर गेले, इतिहासात त्यांचं नाव आहे. जे थांबले, ज्यांनी त्याच जीपखाली गोणपाट टाकून उन्हापावसात आयुष्य काढलं, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर कधी नव्हतं. पुढच्या वेळी तो संदेश आला तर मी वाद घालणार नाही. पाठवणाऱ्याला एवढंच विचारीन, तुझी गाडी कोण दुरुस्त करतं, आणि त्याचं पूर्ण नाव तुला माहीत आहे का?