निओबियमची कल्हई

जिनेव्हानजीक, २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत, इलेक्ट्रॉनांस प्रचंड ऊर्जा देणारें ‘लेप’ हें यंत्र १९८९ सालीं सुरू झालें. पुढें ती ऊर्जा दुपटीहून अधिक वाढवावयाची, तर ऊर्जा देणाऱ्या पोकळ कोठ्या अतिवाहक धातूच्या हव्या होत्या. निओबियम ९.२ केल्व्हिनखालीं अतिवाहक होतो. पण तो महाग, व उष्णता वाहण्यांत तांब्यापुढें हीन. तेव्हां तांब्याच्या कोठीस आंतून निओबियमचा थर द्यावा, ही युक्ति क्रिस्तोफोरो बेनवेनुती व सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केली. जाडी जेमतेम दीड सहस्रांश मिलिमीटर. विद्वान् कांहींही म्हणोत, ही कल्हईच!

मात्र कल्हईवाल्याचा फडका येथें उपयोगी नव्हता. थरावर धुळीचा एक कण राहिला, तरी निर्वातांत विद्युत्क्षेत्र त्याच्या टोंकाशीं एकवटे व तेथून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. ते समोरच्या भिंतीवर आदळून क्ष-किरण उत्पन्न करीत आणि द्रव हीलियमची थंडी व्यर्थ दवडीत. म्हणून कोठ्या अतिशुद्ध पाण्यानें धुवीत, निर्धूल दालनांत जोडीत. तरीहि उरलेलीं उत्सर्जक स्थळें, किंचित् हीलियम वायु आंत सोडून व क्षेत्र वाढवून, निकामी करीत.

योजना मीटरला साठ लक्ष व्होल्टांची होती. २००० सालीं सरासरी पंचाहत्तर लक्ष साधले. हिग्ज कण मात्र गवसला नाहीं. त्याच नोव्हेंबरांत यंत्र थांबलें. त्याच बोगद्यांतील नव्या यंत्रास तो २०१२ सालीं सांपडला.