ढोलकीचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोनची निवड व मांडणी यांचा ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ : भंडारदरा परिसर)

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या लोकसंगीताचा इतिहास लिहिताना जुन्या ध्वनिमुद्रिका हे महत्त्वाचे साधन मानले जाते. परंतु ध्वनिमुद्रिका म्हणजे वादनाची जशीच्या तशी प्रत नव्हे. वाद्यापुढे कोणते यंत्र होते आणि किती अंतरावर होते, यावर काय टिकले व काय गळले हे ठरते. प्रस्तुत लेखात ढोलकीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाद्याचे स्वरूप :
ढोलकीला दोन तोंडे असतात. डावे तोंड खर्जाचे, तर शाई लावलेले उजवे तोंड उंच व टणक नादाचे असते. शाईमुळे चामड्याच्या कंपनांत स्वरसंवादी उपस्वर निर्माण होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये मृदंग-तबल्याच्या अभ्यासातून दाखवून दिले. म्हणजेच एका वाद्यात दोन भिन्न ध्वनिस्रोत नांदतात.

कर्ण्याकडून मायक्रोफोनकडे :
भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी प्रारंभ केला. त्या काळी ध्वनी कर्ण्यातून थेट सुईपर्यंत पोहोचे. त्यात खर्जाचे नाद फारसे उमटत नसत. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांवर ठेका क्षीण ऐकू येतो, यावरून वादकाचा हात हलका होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि खर्ज व तार या दोन्ही टोकांना नोंदीची कक्षा रुंदावली.

मांडणीचा प्रश्न :
एकच मायक्रोफोन समोर काही अंतरावर ठेवल्यास दोन्ही तोंडांचा समतोल राहतो, पण आसपासचा गलबलाही येतो. प्रत्येक तोंडाजवळ स्वतंत्र मायक्रोफोन ठेवल्यास बोल स्पष्ट होतात. मात्र एकदिश मायक्रोफोन फार जवळ नेल्यास खर्ज अवास्तव फुगतो. शिवाय एकाच आघाताचा ध्वनी दोन्हींकडे निरनिराळ्या वेळी पोहोचल्याने काही कंपने परस्परांना छेद देतात. १९६५ पासून मिळणारा शुअर एसएम ५७ हा मायक्रोफोन अशा जवळच्या मांडणीसाठी पुढे सर्वत्र वापरला गेला.

भंडारदरा परिसर :
अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा लिखित इतिहास बहुतांशी १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधलेल्या विल्सन धरणाभोवती फिरतो. येथील महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वाद्यपरंपरेची नोंद मात्र ध्वनीतूनच होऊ शकते. सह्याद्रीच्या या आदिवासी पट्ट्यात मुखवट्यांच्या बोहाड्यात संबळ वाजतो. तो हाताने नव्हे, काठ्यांनी वाजवला जातो आणि वादक सोंगाबरोबर फिरतो. ढोलकीसाठी योग्य ठरलेली स्टुडिओतील स्थिर मांडणी येथे अपुरी पडते. केवळ वाद्याजवळ मायक्रोफोन नेल्यास बोल मिळतील, परंतु सोंग, प्रेक्षक व मोकळी जागा यांचा परस्परसंबंध हरवेल.

निष्कर्ष :
मायक्रोफोनची जागा ही केवळ तांत्रिक बाब नसून इतिहासलेखनातील निवड आहे. म्हणून क्षेत्रीय ध्वनिमुद्रण करणाऱ्या महाविद्यालयांनी वाद्य व वादक यांच्या माहितीबरोबरच मायक्रोफोनचा प्रकार, अंतर व दिशा यांचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. तशी नोंद नसेल, तर यंत्राची मर्यादा पुढील अभ्यासकाला परंपरेची मर्यादा वाटण्याचा धोका आहे.